पाणकणसांचा रोवणा

मूल या गावी बदली होऊन आले तेव्हा माझ्याशी रोज बोलायचा तो एकटा घरमालकाचा कुत्रा. तोही भुंकून.

रस्त्यांवरचं पावसाचं पाणी घाण घेऊन थेट तलावात जायचं. ते आधी उथळ खड्ड्यांत थांबवायचं, पाणकणसांच्या, म्हणजे पाण्यात उगवणाऱ्या उंच गवताच्या, मुळांतून गाळायचं आणि मग तलावात सोडायचं, म्हणजे पाखरंही परत येतील, असं काम माझ्याकडे होतं. रोपं लावायला धान रोवणाऱ्या बाया रोजीवर घेतल्या. त्यांनी ती धानासारखीच रोवली, कमरेत वाकून, ओळीत. मी काठावरून ओरडत असे. माझं तोंडच तसलं.

दुपारी त्या झाडाखाली जेवत, मी गाडीत. दुसऱ्याच दिवशी त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी बाई काचेवर टकटक करून म्हणाली, "एकटी काऊन जेवते वं? चाल, इथी बस." तिनं अंबाडीची भाजी वाढली. मला रडूच येणार होतं. पुढे रोज सकाळपासून मी त्या जेवणाची वाट बघायची.

मग तीन दिवस नागपूरला जावं लागलं. परत येऊन बघते तर काय, पाणी बाहेर जायची वाट पोती आणि चिखल लावून बंद, अन् कोवळी रोपं पाण्याखाली कुजलेली!

"पानी निंघून जाऊन राह्यलं होतं," म्हातारी कौतुकानं म्हणाली. "मीच बांधलं."

धानाला पाणी कोंडावंच लागतं, त्याच सवयीनं तिनं केलं, हे मला कळायला हवं होतं. पण तळपायाची आग मस्तकात गेली. सगळ्यांदेखत तिला अडाणी म्हटलं, उद्यापासून येऊ नको म्हटलं. ती पदराला हात पुसून निघून गेली.

रोपं पुन्हा लावली, जगली. पाणी निवळलं. यंदा पाणकोंबडीनं पिल्लं काढली. कुणाला सांगणार? म्हातारीचं घर माहीत होतं, पण वर्षभर तिकडे पाय वळले नाहीत. लाज वाटायची, दुसरं काय!

परवा ती एका शेतात रोवणा करताना दिसली. गाडी थांबवून बांधावर गेले. "बाई, तेव्हा माझं चुकलं. माफ करा."

तिला ओळखायलाच वेळ लागला. मग मोकळी हसली. "माफी कायची, मॅडम? रोजीवर गेलं का मालक बोलतेच. कोन ध्यानात ठेवते?"

आणि पुन्हा वाकून रोवायला लागली. वर्षभर मी झुरत होते, मैत्रीण तोडली म्हणून. तिनं चार शिव्या हासडल्या असत्या तर किती बरं वाटलं असतं मला.