आईची स्कूटर

आज सकाळी सोसायटीमागच्या मैदानात शेजारच्या मालूकाकू माझ्या आईची स्कूटर चालवायला शिकत होत्या. त्यांच्याबरोबर धावताना मला आईची आठवण आली, आणि ती गेल्यापासून पहिल्यांदाच डोळ्यांत पाणी न येता हसू आलं.

आई स्वतः पन्नाशीनंतर स्कूटर शिकली, तीही काकूंसाठी. काका गेल्यावर काकूंनी घराबाहेर पडणंच सोडलं होतं. आईनं त्यांची समजूत घातली नाही. ती गाडी शिकली, पडली, कोपर सोलवटून घेतलं आणि एका संध्याकाळी त्यांच्या दारात उभी राहिली.

"मालू, चल, भाजी आणू."

"मला नको गं कुठं."

"मग नुसती मागं बस. मला एकटीला भीती वाटते."

आईला कसली भीती! पण काकू बसल्या. मग भाजी, भजन, डोळ्यांचा दवाखाना, कधी उगाच भेळ खायला, दोघी सगळीकडे त्याच गाडीवर.

आई गेल्यावर मी गाडी विकायला काढली. "विकू नकोस," काकू म्हणाल्या, "मला शिकव."

माणूस गेलं की त्याची जागा रिकामी राहते, असं मला वाटायचं. आता तसं वाटत नाही. आईच्या जागी कुणी आलं नाही, पण तिचं काम थांबलेलंही नाही.

मैदानाची फेरी संपवून काकूंनी गाडी थांबवली. "पहिल्या मजल्यावरची सुमन नवरा गेल्यापासून घरातच बसून आहे. पुढच्या आठवड्यात तिला बाजारात नेते."

"न्या की," मी म्हटलं, आणि ब्रेक कुठला ते त्यांना पुन्हा एकदा दाखवलं.