परत दुर्बीण कायले?

भंडाऱ्यात मोठ्या आतड्याची दुर्बिणीनं तपासणी करायला लागले, तेव्हापासून माझ्याकडे रिपोर्टांपेक्षा किस्सेच जास्त साठलेत. दुर्बीण मागून जाणार म्हटलं की माणूस लाजतो, आणि लाजला की बोलतच सुटतो!

*

आदल्या दिवशी फक्त गाळलेलं पातळ घ्यायचं, हे वंदना सिस्टर प्रत्येकाला बजावते. आंधळगावचे एक काका आले. दुर्बीण आत घातली, तर पडद्यावर भाताची शितंच शितं!

"काका, काय खाल्लं?"

"खाल्लं काईच नाई जी. पेज पेलो!"

धानाच्या मुलखात पेजेला जेवण कोण म्हणणार? परत बोलवावं लागलं. आता सिस्टर सगळ्यात आधी पेजच बंद करते.

*

अड्याळच्या एका आजोबांच्या आतड्यातली गाठ, म्हणजे पॉलिप, काढली. लहानशीच होती. आजोबांनी खुशीत तिचा फोटो स्टेटसवर ठेवला. गावाला वाटलं, सुनेची सोनोग्राफी! संध्याकाळी पेढे मागायला माणसं दारात.

*

चिखल्याच्या खाणीतले एक भाऊ भूल न घेता पडद्याकडे पाहत होते. "मॅडम, पुढं वळण हाय, दमानं!"

गाठ काढल्यावर म्हटलं, अशा गाठी पुन्हा येऊ शकतात, तीन वर्षांनी परत बघू.

"बरोबर हाय. आमी बी छताचा ढिला दगड पाडतो, मंग पुन्हा पाहतोच."

मी खूश! तेवढ्यात त्यांनी शर्टाच्या खिशातून खर्रा काढला. तंबाखूनंही या गाठींचा धोका वाढतो, म्हणून मी ओरडलेच.

"तो तं मी थुंकतो जी!"

*

आणि धनराजभाऊ. त्यांच्या गाठी मोठ्या होत्या, शिवाय वडील आतड्याच्या कॅन्सरनं गेलेले. परत तपासणीला आले तेव्हा मी स्पष्ट सांगितलं, "सख्ख्या भावालाही धोका आहे. सुधाकरला पाठवा."

"त्याच्याशी मी बोलत नाई."

शेताच्या बांधावरून कित्येक वर्षांचं भांडण. मला रागच आला. "अबोल्यापायी भाऊ घालवाल!"

ते फाईल उचलून निघून गेले.

थोड्याच दिवसांत सुधाकर हजर. कोणी पाठवलं, विचारलं.

"दादाच्या बैलानं!"

सुधाकर शेजारच्या वावरात दिसला की दादा बांधावर उभा राहून बैलाला मोठ्यानं ऐकवायचा, "ऐक रे, बाबा ज्यानं गेले, ते सख्ख्या भावाले बी होऊ शकते म्हणते. मॅडमकडं जा लागते!"

सुधाकरच्या आतड्यात सुपारीएवढी गाठ निघाली. ती काढली आणि तपासायला पाठवली.

रिपोर्ट घ्यायला सुधाकर आला. धनराजभाऊही आले, पण दाराशी, आमच्याकडे पाठ करून उभे. मी दोघांना ऐकू जाईल असं सांगितलं, "कॅन्सर नाही. गाठ तशीच राहिली असती तर पुढं होऊ शकला असता. वेळेवर आलास."

सुधाकरनं रिपोर्टाची घडी घालून खिशात ठेवली. मग माझ्याकडेच पाहत म्हणाला, "मॅडम, त्या बैलाले सांगा, आज चारा टाकाले मी येऊन राहिलो."

धनराजभाऊंनी पाठ न वळवता डोळे पुसले.

"मॅडम, बैल म्हणते, जेवूनच जाजो!"