न खोललेलं इंजिन

जुन्या गाड्यांच्या बाजारात किस्से ऑइलसारखे गळतात. रोज खाली डबा लावला तरी जमीन काळी ती काळीच. विजापूर रोडवरच्या आमच्या बाजारात मी वीस वर्षं एजंटगिरी करतोय आणि माझ्या गाड्या सिद्धाप्पा मिस्त्री बघतो. अक्कलकोटकडचा माणूस. बोलणं मराठीत, शिव्या कानडीत. तो गाडी दुरुस्त करत नाही, बरी दिसेल अशी करतो.

त्याला कारण आहे. आमच्याकडं गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं, "इंजिन खोललंय का?" एकदा खोललेलं इंजिन म्हणजे त्यांच्या लेखी मोडलेलं लग्न. मग दुरुस्ती करणार कोण? उजनीकाठच्या एका केळीवाल्यानं तर मला बॉनेटवर हात ठेवून सिद्धेश्वराची शपथ घ्यायला लावली. मी बिनधास्त घेतली. "मालक, या इंजिनाला आजवर पाना लागलेला न्हाय."

शपथ शंभर टक्के खरी होती. पाना लागला नव्हता, हाच तर रोग होता.

*

रेडिएटर गळायला लागला की सिद्धाप्पा त्यात मूठभर हळद टाकतो. भोकं बुजतात, पंधरा दिवस निघतात. एकदा एक बाई नवऱ्याबरोबर गाडी बघायला आल्या. बॉनेट उघडल्याबरोबर म्हणाल्या, "हितं वरण शिजवलंय का कुणी?"

सिद्धाप्पा गंभीर. "वैनी, हळद लावलीय गाडीला. तुमच्या घरी नांदायला निघाली की."

बाई हसल्या. गाडी गेली.

*

चिंचोळी एमआयडीसीतल्या एका सुपरवायझरला आम्ही इंजिन तापणारी गाडी दिली होती. टेंपरेचरचा काटा सिद्धाप्पानं वायर फिरवून मधोमध अडकवून ठेवलेला. आठव्या दिवशी फोन आला. "मिस्त्री, बॉनेटातनं वाफ येतीय, अन् काटा तर मधीच हाय."

"मग वाफंकडं कशाला बघताय? काट्याकडं बघा."

बाजारात आम्ही हे वाक्य आठवडाभर एकमेकांना ऐकवत होतो.

*

मग सिद्धाप्पाच्या मनात काय आलं कोण जाणे. एक पांढरी गाडी त्यानं खरंच खोलली. हेड उतरवलं, गॅस्केट बदललं, सगळं मनासारखं केलं आणि येईल त्याला कौतुकानं सांगायला लागला. लोक ऐकायचे, मान डोलवायचे आणि शेजारची गाडी घेऊन जायचे. पांढरीवर कबुतरं बसायला लागली.

"बाबूअण्णा," तो मला म्हणाला, "जन्मात एकदा इमानदारी केली, तर तिला गिऱ्हाईक न्हाय."

*

त्याच दिवसांत जेऊरचे एक रिटायर गुरुजी आले. बायकोला आठवड्यातनं दोनदा डायलिसिसला सोलापूरला आणायचं होतं, रेल्वेच्या वेळा जुळत नव्हत्या. "वाटेत थांबणार न्हाय अशी गाडी द्या," एवढंच मागणं.

सिद्धाप्पा स्वतः पुढं झाला. "गुरुजी, ही पांढरी घ्या. माझ्या हातानं खोलून केलीय."

"खोललेली? नको बाबा. आजारी माणसाचं काम हाय, खात्रीचीच पायजे." त्यांनी शेजारच्या लाल गाडीवर हात ठेवला. "हिचं इंजिन कसं हाय?"

लाल गाडी तासाभरात उकळायची. सिद्धाप्पानं तोंड उघडलं. मी त्याच्याआधी बोललो. "कुणाचा हात लागलेला न्हाय, गुरुजी."

पंधरा दिवसांनी लाल गाडी एका टेंपोमागं दोरीनं बांधून परत आली. गुरुजींचं डोकं भादरलेलं. कालच बायकोचा दहावा झाला, म्हणाले. भांडले नाहीत. सिद्धाप्पानं स्टूल पुढं केलं, त्यावर बसले, पाणी प्याले.

"टेंभुर्णीच्या पुढं बंद पडली," ते म्हणाले. "ही मागं झोपली हुती. म्हटलं, आत्ता कशाला उठवायचं? गाडी सुरू झाली की उठवू."