फेस वाढवला तेव्हा

घोटावड्यात आमच्या खोल्यांमध्ये कारखान्यांतले भाडेकरू राहतात. त्यांना विकायला म्हणून मी घरीच भांड्यांचं लिक्विड बनवू लागले. बचत गटात शिकले होते : फेसाची पेस्ट पाण्यात घोळायची, मीठ घालून दाट करायचं, मग रंग नि वास. पहिल्याच आठवड्यात एक भाडेकरीण म्हणाली, "भाभी, इसमें झाग नहीं आता." मला ते लागलं. पुढच्या खेपेला पेस्ट अंदाजानेच दुप्पट घातली. फेस उतू गेला, बाटल्या हातोहात खपल्या.

घरची भांडी सासूबाई घासायच्या. तेच लिक्विड, पाणी न घालता.

एका दुपारी त्या माझ्या लेकीची वेणी घालत होत्या. पोर ओरडली, "आज्जी, केस ओढतायत!" बघितलं तर केस आज्जीच्या बोटांत अडकत होते. कातडी सोलवटून खरखरीत झालेली, पेरांवर भेगा, एकीत रक्त साकळलेलं.

"आत्या, कधीपासनं हाय हे?"

"व्हईल बरं."

"मग बोलला का न्हाई?"

त्यांनी हात पदराखाली घेतले. "तुझं लिक्विड लई खपतंय म्हणत व्हतीस. म्या कशाला नाट लावू?"

पिरंगुटच्या डॉक्टरीणबाईंनी मलम दिलं. म्हणाल्या, "फेस ताटाचं तेल काढतो, तसं कातडीचंही काढतो. ते गेलं की आतला ओलावा टिकत नाही. कातडी फाटते."

घरी आले, पण बसवेना. चुलीवरचं दूध उतू गेलं तरी कळलं नाही. किती घरांत गेल्या होत्या त्या बाटल्या? शेवटी उठले आणि दारोदार फिरले. फेस मागणारीनेच पहिलं दार उघडलं. तिचे तळवे पांढुरके, चिरलेले.

"मुझे लगा ठंड से है," ती म्हणाली.

थंडीने नाही, माझ्या लिक्विडमुळे झालं, हे मी तिला सांगितलं. तिने बाटली तेवढी परत दिली.

आता पेस्ट काट्यावर मोजून घालते. फेस कमी येतो, निम्मी गिऱ्हाइकं गेली. सासूबाईंचे हात महिन्याभरात भरून आले. भांडी मी घासते, ते त्यांना अजून पटलेलं नाही. मलाही अजून चैन नाही. जे भाडेकरू मधल्या काळात खोली सोडून गेले, त्यांना सांगायचं राहूनच गेलं.