राजगडाखालची चावी

किल्ले का पडतात, हे मी मुलुंडच्या शाळेत तीस वर्षे शिकवले; निवृत्तीनंतर एक स्वतः पाडला.

दिवाळीत आमच्या सोसायटीत मातीच्या किल्ल्यांची स्पर्धा असते. स्पर्धा लहान मुलांची. (नियमांत वयाची कमाल मर्यादा नव्हती, मी दोनदा वाचून खात्री केली.) नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी मोजपट्टी घेऊन मी राजगड उभारला: तीन माच्या, बालेकिल्ला, चोरदरवाजासुद्धा! आवारातले एक लोखंडी झाकण पायाला उत्तम सापडले. झाकणाखाली काय असावे, हा प्रश्न मला पडला नाही. (वर्गात मी नेहमी सांगे, प्रश्न विचारा!)

पहाटे पाचला खालून हाक आली. सेक्रेटरी सावंत, कमरेला टॉवेल, अंगभर उटणे.

“मास्तरानू, टाकीत पाणी चढणा नाय! चावी खंय आसा?”

“कुठली चावी?”

“तुमच्या राजगडाखाली आसा ती!”

एव्हाना प्रत्येक गॅलरीत तेलाने चकाकणारा एकेक रहिवासी उभा होता.

“काका, उटणं सुकलं! पापड झालाय माझा!”

मी नम्रपणे सुचवले, “परीक्षक दहाला येतील. तोवर अंघोळी पुढे ढकलता येतील का?”

माझी पत्नी मंदा तेल थापलेल्या केसांनी बाहेर आली. “आज सूर्योदयाआधी अंघोळ झाली नाही, तर नरकात जातात. तुम्ही खुशाल जा, आम्हाला कशाला नेताय? पाडा तो गड!”

“पाडायची आवश्यकता नाही,” मी म्हणालो. “झाकणाला कडेला फट आहे. चोरदरवाजातून हात घालतो.”

हात खांद्यापर्यंत गेला. चावी सापडली, फिरलीही. हात मात्र बाहेर येईना!

“थांबा, वढतंय!” म्हणत सावंतांनी माझे दोन्ही पाय धरले. उटण्याने त्यांचे हात निसटले, ते मागे पडले, मी पुढे गेलो आणि बालेकिल्ला माझ्या डोक्यावर आला. तीन माच्या पाठोपाठ! त्या धक्क्याने हात मात्र सुटला.

वर नळांना पाणी आले. जयघोष झाला. (माझा नव्हे.) सूर्योदयाआधी सगळी सोसायटी न्हाऊन मोकळी झाली, त्याबरोबर टाकीही. माझा नंबर शेवटचा होता.

दहाला परीक्षक आले. मी ढिगाऱ्यापाशी बसलो होतो, नखशिखांत वाळलेल्या मातीत.

“किल्ला ठीकच आहे,” ते म्हणाले, “पण मावळा झकास जमलाय हो!”

उत्तेजनार्थ मिळालेले ते प्रमाणपत्र मंदाने न्हाणीघराच्या दारावर लावले आहे.