पानगळीची गाणी आणि पिठलं-भाकरी

मी स्वभावाने उदास नाही, पण दसरा-दिवाळीच्या मधल्या दिवसांत उदास गाणी ऐकल्याशिवाय मला जेवण जात नाही.

लातुरात झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्या माणसाला हा शौक शोभत नाही, असं माझ्या बायकोचं, म्हणजे सुनंदाचं मत आहे. असू दे. माझ्या मोबाइलमध्ये खास शरद ऋतूसाठी जमवलेली गाणी आहेत. त्यांत कुणीतरी कायमचं दूर निघालेलं असतं, संध्याकाळ झालेली असते, पानं गळत असतात आणि सारंगी काही केल्या थांबत नाही. (आता लातुरात ऑक्टोबरमध्ये पानं गळत नाहीत, नुसता घाम गळतो. आमच्या दारातला कडुनिंब फाल्गुन लागल्याशिवाय पान टाकत नाही. पण रसिकाने इतक्या खोलात जाऊ नये!)

माझ्या आईला मात्र ही गाणी अजिबात खपत नाहीत. आई सत्तरी ओलांडलेली, ठणठणीत, आणि आवाज असा की तिला स्पीकर लागत नाही. मला मात्र लागतो, म्हणून मी यंदा नवा आणला. पहिल्याच संध्याकाळी आई देवापुढचं निरांजन हातात घेऊन बाहेर आली.

"दिवेलागनीला काय रडगाणं लावून राहिलास? लक्ष्मी यायच्या टायमाला!"

"आई, ही शरदातली हुरहूर आहे."

"हुरहूर न्हाई, कटकट हाय ती! हा डबा घरात हाय तवर मी ह्या घरात न्हाई!"

आणि खरंच पिशवी भरून ती नांदेडला माझ्या बहिणीकडे निघून गेली. मला वाटलं, दोन दिवसांत येईल. दिवाळी तोंडावर आली तरी आई येईना. तिच्याशिवाय घर खायला उठलं होतं. सकाळी कुणी खेकसत नव्हतं, मला चहासुद्धा गोड लागत नव्हता. शेवटी सुनंदाच तिला आणायला नांदेडला निघाली. जाताना मला दम देऊन गेली.

"स्पीकर माळ्यावर टाका. गाणी बंद झाली, असा शब्द देऊन आणणार हाय मी त्यांना. दारात एक जरी सूर ऐकू आला, तर मी बी त्यांच्यासंगं उलट्या पावली नांदेडला!"

मी मान डोलावली. त्या दोघी दुसऱ्या दिवशी दुपारी यायच्या होत्या. आई येणार म्हणून मी जरा नीटनेटकं दिसावं, या सद्हेतूने मिशीला कलप लावला. मिशीची एक बाजू काळी कुळकुळीत झाली आणि दुसरी तांब्याच्या हंड्यासारखी! आणखी लावला, तर दोन्ही बाजूंनी जांभळी छटा आली. शेवटी लग्नाच्याही आधीपासून जपलेली ती मिशी मी सपाट उतरवली. मग त्या उघड्या ओठाची अशी लाज वाटायला लागली, की डोक्यावरून पंचा घेऊन, मान खाली घालूनच मी कोपऱ्यावरच्या बसवंतअप्पांच्या किराणा दुकानात पाव आणायला गेलो.

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या हातातला तराजू तसाच राहिला.

"सुधाकरराव, घरी चूल पेटली न्हाई का?"

"नाही अप्पा. सुनंदा अजून नांदेडलाच आहे."

अप्पा गल्ल्यावरून उठून आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून नुसते उभे राहिले. एका मिशीसाठी एवढी हळहळ! मला भरून आलं.

संध्याकाळी विचार केला, आज शेवटची मैफल. उद्यापासून आई, दिवाळी आणि शांतता. ओसरीवर सतरंजी टाकली, स्पीकर खुर्चीवर ठेवला आणि आवाज असा सोडला की गल्लीतली कुत्रीही विचारात पडली. (मध्येच सुनंदाचा फोन आला होता. ऐन विरहाच्या कडव्यात कोण फोन घेतो? कापला.)

तेवढ्यात फाटक वाजलं. डोक्याला टोपी घालून अप्पा आले आणि गुपचूप सतरंजीवर बसले. पाठोपाठ समोरच्या शाळेवरच्या कांबळे मॅडम झाकलेलं पातेलं घेऊन आल्या. मग आणखी शेजारीपाजारी आले. सगळ्यांच्या माना खाली, डोळे ओले.

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या गाण्यांना श्रोते मिळाले होते, आणि तेही रडणारे!

"बसा, बसा! पुढचं तर याहून काळीज चिरणारं आहे!" मी उत्साहाने म्हणालो.

"सुधाकरराव," अप्पा घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मन घट करा."

"घट्ट करून कसं चालेल अप्पा? मोकळं सोडा! ही सारंगी ऐका नुसती!"

कांबळे मॅडम अप्पांच्या कानाशी लागल्या. "धक्का बसलाय हो त्यांना. असं होतं कधीकधी." मग त्यांनी माझ्यापुढे पातेलं उघडलं. पिठलं आणि गरम भाकरी! "दोन घास खा, भाऊ."

दिवसभर पावावर काढलेला माणूस मी. ताव मारला. एका हाताने भाकरी, दुसऱ्या हाताने ताल. मी तिसरी भाकरी मागितली, तसा मागून कुणीतरी मोठ्याने हुंदका दिला.

"कोणतं कडवं लागलं मनाला?" मी विचारलं.

"कडवं कसलं आलंय!" अप्पांचा बांधच फुटला. "लई मोठ्या मनाची होती हो तुमची माय! चव बघते म्हनून माझा निम्मा गूळ खायची, पन पोटात पाप न्हाई! आन् नांदेडलाच सगळं उरकलं तुम्ही, आम्हाला शेवटचं दर्शन बी न्हाई!"

हातातली भाकरी मी खाली ठेवली. खाली घातलेल्या माना, टोप्या, पिठलं, माझी भादरलेली मिशी! सगळा उलगडा झाला आणि त्याच क्षणी फाटकापाशी रिक्षा थांबली. आतून सुनंदा उतरली आणि मागून साक्षात आई! (मघाचा फोन त्या आजच निघाल्याचा होता तर!)

आता कुणीही शहाणा माणूस आधी लोकांचा गैरसमज दूर करील. मी स्पीकरवर झेप घेतली. घाईत बटण उलटं दाबलं गेलं आणि सारंगीने अख्ख्या गल्लीत टाहो फोडला. शेवटी मी तो डबा पंच्यात गुंडाळला आणि त्याच्यावर बसलो. खालून बारीक रडणं चालूच राहिलं.

"अप्पा, टोपी घालून बसलास. कोन गेलं रं?" आईने विचारलं.

अप्पांनी टोपी काढून मांडीखाली लपवली. कांबळे मॅडमनी चाचरत सगळं सांगितलं. आईने माझ्या ओठाकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं. सुनंदा पिशवी न सोडता रिक्षाकडे बघत होती. आता या दोघी परत जाणार आणि आमची दिवाळी नांदेडला होणार, या विचाराने मी स्पीकरवर आणखी दाबून बसलो.

आई रिकाम्या खुर्चीवर बसली.

"अप्पा, गुळाचं काय म्हनत होतास? फुडं सांग. आन् बाकीच्यांनी बी एकेक करून सांगा. जिवंतपनी ऐकते."

मग काय! सगळ्यांनी डोळे पुसत आईचे गुण गायले. कुणाच्या बाळंतपणात ती रात्रभर जागली होती, कुणाला पापड लाटायला शिकवलं होतं. आईचा चेहरा उजळत गेला. मग तिने पिठल्यात बोट बुडवून चाटलं.

"माझ्या मौतीचं पिठलं, आन् मीठच न्हाई?"

गल्ली खो-खो हसली. आई उठली. "सुनंदा, पिशवी आत ठेव. इतकी मान्सं मला रडायली, मी नांदेडात कशाला बसू?"

माझा जीव भांड्यात पडला. डोळ्यांत पाणी आलं, अगदी खरंखुरं. पण रसिकाची खोड जात नाही.

"म्हणजे माझ्या गाण्यांचा परिणाम झालाच की, आई?"

"ते मला रडत होते. फुडच्या बारीला तुला रडतील!"

तरी दिवाळीनंतर तिने मला रोज एक गाणं लावायची परवानगी दिली. आता संध्याकाळी माझा स्पीकर सुरू झाला, की आई आधी फाटकापाशी जाते आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडते, "मी हाय बरं का!" लोक निश्चिंत होतात आणि पटापट खिडक्या लावून घेतात.