मास्तर, बाई आणि दुसरा ब्रेक

गल्लीत नव्याने राहायला आलेल्या माणसाला हमखास वाटायचं, की कोपऱ्यावरच्या घरात शिक्षकांचं जोडपं राहतं. नवऱ्याला सगळे मास्तर म्हणत आणि बायकोला बाई. प्रत्यक्षात शिकण्याचा कंटाळा आला म्हणूनच दोघांनी वेळीच शाळा सोडली होती. मास्तर शिंपी होते आणि बाई गाडी चालवायला शिकवायच्या.

अठ्ठावीस वर्षं शिकवलं त्यांनी. गावातला दातांचा डॉक्टर, पाववाला, पोस्टातली निम्मी माणसं, सगळी बाईंच्या हाताखालून गेलेली. त्यांच्या पांढऱ्या गाडीत डावीकडे, शिकवणाऱ्याच्या पायाशी, एक जादा ब्रेक होता. नवशिक्याला घाम फुटला की बाई पुढे बघत शांतपणे एकच वाक्य बोलायच्या, "घाबरू नका, ब्रेक माझ्याकडे आहे." एवढं ऐकलं की माणसाचे खांदे खाली यायचे.

या शाळेत कायमचा नापास झालेला विद्यार्थी एकच, आणि तो घरातलाच. वीस वर्षांपूर्वी बाईंनी मास्तरांना शिकवायला घेतलं होतं. मास्तरांच्या पायात शिलाई मशीन. अॅक्सिलरेटरवर पाय ठेवला की तो आपोआप खाली-वर व्हायचा आणि गाडी टाके घालत चालायची. तिसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, "अहो, हा रस्ता आहे, पायजमा नाही." मास्तर गाडीतून उतरले आणि चालत घरी आले. चार दिवस अबोला चालला. पाचव्या दिवशी तह झाला, की संसार दोघांनी मिळून चालवायचा आणि गाडी एकटीने.

मग गेल्या वर्षी बाईंचा उजवा गुडघा गेला. शस्त्रक्रिया झाली, काठीशिवाय चालताही यायला लागलं, पण गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं. बाईंनी दारावरची पाटी उतरवली आणि गाडीवर कापड टाकलं. कुणी न्यायला आलं तरी त्या जायच्या नाहीत. दुसऱ्याच्या शेजारी बसलं की माझा जीव पायात येतो, म्हणायच्या. दिवसभर बोलणारी बाई, आता एका शब्दात उत्तर द्यायची. मास्तरांना त्या शांततेची भीती वाटायला लागली. हिचं जग या चार खोल्यांत संपणार की काय, या विचाराने त्यांचं शिवणीवरचं लक्ष उडायचं. एका गिऱ्हाइकाच्या कोटाला त्यांनी दोन्ही बाह्या डाव्या लावल्या.

बाईंच्या जुन्या टेबलासमोर कॅलेंडरचं एक पान वर्षानुवर्षं चिकटवलेलं होतं. डोंगरातलं तळं आणि भोवती लालभडक झाडं. पानगळीच्या आधी जेमतेम दोन आठवडे तो रंग टिकतो. दरवर्षी नेमक्या त्याच दिवसांत विद्यार्थ्यांच्या परीक्षा यायच्या आणि जाणं राहून जायचं.

मास्तरांनी मनाशी काहीतरी ठरवलं. अस्तर आणि बटणं आणायला जातो, असं सांगून ते गावाच्या दुसऱ्या टोकाला बाईंच्याच एका जुन्या विद्यार्थिनीकडे गाडी शिकायला जाऊ लागले. रिकाम्या हातांनी परतणं बरं दिसणार नाही, म्हणून दर वेळी बटणं आणावी लागायची. चार महिन्यांत घरात इतकी बटणं साठली, की उरलेल्या आयुष्यात पुरून उरावीत. दुसऱ्या खेपेला परीक्षा पास झाले आणि परवाना बाईंच्या ताटाशेजारी नेऊन ठेवला. बाईंनी तो उलटसुलट करून पाहिला. किती तरी दिवसांनी हसल्या. मग विचारलं, "उजवं वळण जमतं?" मास्तर हो म्हणाले. ते निम्मंच खरं होतं. समोरून गाड्या येत असताना उजवीकडे वळायचं म्हटलं, की ते सरळच पुढे निघून जायचे.

पहिली फेरी पाववाल्याच्या दुकानापर्यंत झाली. दीड किलोमीटरमध्ये बाईंनी आपल्या बाजूचा ब्रेक अकरा वेळा दाबला. त्यातला एक भर चौकात. मागून येणारा दुधाचा टँकर हातभर अंतरावर थांबला आणि त्याच्या चालकाने दोघांचाही उद्धार केला. घरी येऊन बाई म्हणाल्या, पाय माझं ऐकत नाही, आपण कुठं जायलाच नको. कॅलेंडरवरच्या त्या तळ्याकाठी मास्तरांनी खोली ठरवून ठेवली होती, निघायला चार दिवस उरले होते आणि बाई पुन्हा एका शब्दावर आल्या.

तेव्हा मास्तरांना लेकीचं लहानपण आठवलं. मशीनवर बसायचा हट्ट धरायची. मग ते हळूच मशीनचा पट्टा उतरवून ठेवायचे. पोरगी तासभर पाय मारत बसायची, सुई जागची हलायची नाही आणि बोटंही शाबूत राहायची. मास्तर दुसऱ्याच दिवशी गाडी घेऊन मेकॅनिककडे गेले. त्याने बाईंच्या बाजूच्या ब्रेकची दांडी काढली, पेडल तसंच ठेवलं आणि खाली स्प्रिंग बसवली, म्हणजे पायाला नेहमीसारखं जड लागावं. मग थोडी विनवणी, थोडा रुसवा, आणि बाई कशाबशा तयार झाल्या.

सकाळी आठला निघाले. पहिल्या सिग्नलला मास्तरांना डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं, बाईंचा डावा पाय पेडलवर गेला. मास्तरांनी आपला ब्रेक आधीच दाबायला घेतला होता. गाडी थांबली. बाईंनी एकदा पायाकडे पाहिलं, एकदा मास्तरांकडे, आणि पुन्हा समोर. मास्तरांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. अठ्ठावीस वर्षं जिच्या पायावर गावाने भरवसा ठेवला, तिला आपण पोरीसारखं फसवतोय, हे त्यांच्या मनाला लागलं. पण आता गाडी रस्त्याला लागली होती.

गाव मागे पडलं. दोन्ही बाजूंना कापणी झालेली शेतं, मध्येच एखादं पिवळं पडलेलं झाड. तासाभरात बाईंचा पाय पेडलवर जायचा कमी झाला. नंतर त्यांनी सीट मागे सरकवली आणि पाय चक्क पोटाशी घेतला. आपल्या गावाबाहेर एवढे बगळे असतात हे मला माहीतच नव्हतं, म्हणाल्या, मी कायम पुढच्या गाडीचे लाल दिवेच बघत आले. खूप बोलल्या. मास्तर नुसते हं हं करत होते, कारण बोलणं आणि चालवणं एका वेळी त्यांना अजून जमत नव्हतं. जेवण आटोपून पुन्हा निघाले आणि थोड्या वेळाने हुंकार द्यायची गरज उरली नाही. बाईंना झोप लागली होती. बसमध्येसुद्धा चालकाच्या चुका पुटपुटत जागी राहणारी बाई, तोंड किंचित उघडं ठेवून, काचेला डोकं टेकून गाढ झोपली होती.

आणि तळ्याकडे जाणारा फाटा आला. उजवीकडे. समोरून उतारावरून ट्रकची रांग येत होती. मास्तरांनी इंडिकेटर लावला, वेग कमी केला, मागच्याने हॉर्न वाजवला. आता कचकन थांबलो तर ही जागी होईल. मास्तरांनी इंडिकेटर बंद केला आणि सरळ गेले. पुढे आठ किलोमीटरवर दुसरा फाटा होता, तोही उजवाच. तिथंही सरळ. त्यानंतर जी पाटी लागली, तिच्यावर तळ्याचा बाण मागच्या दिशेला होता.

चारच्या सुमाराला एका छोट्या गावात कालव्याच्या काठी त्यांनी गाडी उभी केली. इंजिन बंद झालं तशा बाई जाग्या झाल्या. समोर कालवा, काठाला पिवळीधमक झाडं, पाण्यावर पानांचा थर. बाईंनी सगळं नीट पाहून घेतलं.

"उजवीकडे वळायचं होतं," त्या म्हणाल्या.

"दोनदा," मास्तर म्हणाले.

यावर बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग तळ्याकाठच्या माणसाला फोन करून सांगितलं, की आम्ही उद्या येतो, आमच्या ड्रायव्हरचं एक वळण शिकायचं राहिलंय. कालव्यासमोरच सायकलदुरुस्तीच्या दुकानावर एक खोली मिळाली. लोखंडी पलंग, गोधडी आणि खिडकीशी दोन खुर्च्या. खालून पाना आपटल्याचा आवाज यायचा. बाईंनी गुडघा एका उशीवर ठेवला आणि म्हणाल्या, कॅलेंडरवर पिवळं कुठं होतं, हे तर फुकटात मिळालं.

चहाचे कप आले. बायको इतकी खुशीत होती, की मास्तरांना आता खोटं सोसवेना.

"एक सांगायचंय," ते म्हणाले. "तुझ्या बाजूचा तो ब्रेक..."

"पट्टा उतरवलाय," बाई म्हणाल्या. "पहिल्याच सिग्नलला कळलं मला. पायाला कळत नाही होय?"

मास्तरांनी कप बशीत ठेवला. "मग बोलली का नाहीस?"

"बोलणारच होते. परत फिरवा गाडी, म्हणणार होते. पण माझा पाय खाली जायच्या आधीच गाडी मंदावली होती. पुढच्या सिग्नलला परत दाबून बघितलं, परत तेच. मग म्हटलं, बघू या."

एक सायकलवाला झाडाखालून गेला आणि त्याच्या टोपीवर पान पडलं.

"सगळं कळून झोप कशी लागली तुला?"

बाईंनी कप खाली ठेवला.

"ब्रेक तुमच्याकडे होता ना."

मास्तरांनी बाईंच्या गुडघ्याखालची उशी उगाचच नीट केली. सकाळी गाडी माघारी फिरवायला भर रस्त्यात उजवीकडेच वळावं लागणार होतं, तरी त्यांनी उरलेला चहा निवांत संपवला.